एका अक्षराची पोच

उदयसिंह निकम नोकरीत असताना त्यांच्या टेबलावर आलेला कागद कधी हरवला नाही, आणि वेळेवर कधी पुढंही गेला नाही. एका सरकारी खात्यात आवक-जावकचं टेबल त्यांनी एकतीस वर्षं सांभाळलं. त्या टेबलाचे दोन नियम होते आणि दोन्ही त्यांनी स्वतः घडवले होते. पहिला, जावक नंबर आधी पुढं जाईल, तो समोरच्यानं नोंदवून घेतला असं कळेल, मगच कागद हलेल. दुसरा, एकट्यादुकट्या कागदाची पोच लगेच पाठवायची नाही. एवढ्याशा चिठ्ठीसाठी शिपायानं दोन जिने उतरायचे? त्या बाजूला काही जाणार असेल तर त्याच्याबरोबर जाऊ द्यावी. "शिपायाचे पाय वाचतात," ते सांगायचे. निवृत्तीच्या दिवशी तीन शिपाई ढसाढसा रडले. आणखी कुणी रडल्याची नोंद नाही.

अशा माणसाला पांडुरंगानं कीर्तनाचं वेड लावलं, ही त्याची दया. कारण कीर्तनात उशीर चालत नाही. बुवांनी नाम उच्चारलं की टाळकऱ्यांनी ते उचललंच पाहिजे, मृदंगावर थाप पडलीच पाहिजे, आणि पाचशे माणसांच्या माना एकदम डोलल्याच पाहिजेत. मंगळवार पेठेतल्या विठ्ठल मंदिराच्या सप्ताहात निकम दांपत्य पहिल्या रांगेत नाही असं एकही वर्ष गेलं नव्हतं. खरं सांगायचं तर कीर्तन समजायचं ते शालूबाईंना. उदयसिंहांना ते आवडायचं. दोन्हींत फरक आहे आणि तो त्यांना कबूल होता.

मग शालूबाईंच्या कानांनी हळूहळू काम सोडलं. यंत्र घेतलं, पण मंडपातल्या कर्ण्यांपुढं ते यंत्र नुसतं शिट्ट्या मारायचं. "बुवा बोलत्यात का गिरण चालू हाय, कळत न्हाय मला," असं म्हणून त्या दोन वर्षांपूर्वी कीर्तनातून उठल्या, त्या पुन्हा गेल्या नाहीत. सप्ताहाच्या सात दिवसांत घरातूनच हात जोडायच्या आणि भाजी निवडायला बसायच्या. पहिल्या रांगेतल्या रिकाम्या जागेशेजारी बसून उदयसिंहांना कीर्तन गोड लागेना.

म्हणून यंदा त्यांनी बेत आखला. बुवा बोलतील तसं कुणीतरी टाईप करायचं, मंडपातल्या मोठ्या टीव्हीवर अक्षरं उमटायची आणि शालूबाईंनी कीर्तन वाचायचं. बेत इतका साधा होता की तो बिघडेल असं कुणालाही वाटलं असतं. उदयसिंहांना वाटलं नाही.

टाईप करायला गल्लीतला ज्ञानू सुतार मिळाला. हा कोर्टातला निवृत्त टंकलेखक. चाळीस वर्षं त्यानं न्यायाधीशांच्या तोंडातून शब्द पडायच्या आत कागदावर घेतला होता. सेकंदाला सात अक्षरं सहज मारायचा. प्रोग्रॅम करायला पुण्यात नोकरी करणारा भाचा ऋतुराज मिळाला. त्याला उदयसिंहांनी फोनवर तासभर सूचना दिल्या. प्रत्येक अक्षराला जावक नंबर पाहिजे. नंबर आधी सुटला पाहिजे, अक्षर त्याच्या मागनं. टीव्हीकडनं अक्षर मिळाल्याची नोंद आल्याशिवाय पुढचं अक्षर सोडायचं नाही. ऋतुराज म्हणाला, "मामा, एवढं कशाला? अक्षरं आपली आपण जातात." त्यावर मामांनी त्याला सन अठ्ठ्याण्णवमधली एका गहाळ फाईलची हकिगत सांगितली. हकिगत ऐकण्यापेक्षा नंबर घालणं सोपं, असा हिशेब करून पोरानं मान तुकवली. चार रात्री जागून प्रोग्रॅम केला आणि पाठवून दिला.

उदयसिंहांनी तो घेतला. घेतल्याचं ऋतुराजला कळवलं मात्र नाही. सप्ताह झाला की देवाचा प्रसाद, शाल, श्रीफळ आणि आभार असं सगळं एकदमच पाठवायचं त्यांनी ठरवलं होतं.

मंडप देवळासमोरच्या मैदानात. ज्ञानूच्या बोटांचा आवाज बुवांना नडू नये म्हणून त्याला रस्त्यापलीकडच्या कमिटीच्या खोलीत बसवायचं ठरलं, कानाशी कर्ण्याची जोडणी देऊन. म्हणजे रस्त्यावरून वायर आली. वायर आली म्हणजे परवानगी आली. परवानगीच्या खिडकीवरच्या तरण्या कारकुनानं अर्ज घेतला आणि कपाटात टाकला. उदयसिंहांनी पोच मागितली. तो म्हणाला, "काका, एकेकाची देत बसलो तर दिवस जाईल. चार दिवसांनी या, सगळ्यांची एकदम देतो." एकतीस वर्षांत पहिल्यांदाच उदयसिंह त्या खिडकीच्या चुकीच्या बाजूला उभे होते. ही काय पद्धत झाली, असं ते घरी येऊन तीनदा म्हणाले. शालूबाईंना ऐकू आलं नाही, की आलं, कोण जाणे. त्या गालात हसल्या एवढं खरं.

पहिल्या दिवशी साडेपाचला कीर्तन उभं राहिलं. शालूबाई दोन वर्षांनी इरकल नेसून टीव्हीसमोर बसल्या. पडद्यावर नमनाचे शब्द उमटू लागले तशी बाईच्या चेहऱ्यावर जी ओल आली ती पाहून उदयसिंहांना आपल्या जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. हे वाटणं दहा मिनिटं टिकलं.

ज्ञानू सेकंदाला सात अक्षरं सोडत होता. पडद्यावर पाच येत होती. उरलेली दोन मागं रांगेत उभी राहत होती, आणि रांग सेकंदासेकंदाला वाढत होती. तासाभरानं पडदा कीर्तनाच्या सतरा मिनिटं मागं होता. बुवा एका आईच्या विलापावर आले. मंडपात पदर डोळ्यांना लागले. पेठेतल्या तालमीतले पैलवानसुद्धा नाक पुसू लागले. आणि त्या शांततेत शालूबाई खळखळून हसल्या, कारण त्यांच्या पडद्यावर बुवांनी मघाशी सांगितलेला वांग्याचा विनोद नुकताच पोचला होता.

दोन बायकांनी मागं वळून पाहिलं. एकीनं दुसरीच्या कानात काही सांगितलं. शालूबाईंना ऐकू येत नसलं तरी चेहरे चांगले वाचता येत होते. त्यांनी पदर तोंडाला लावला. पुढं आरती झाली, प्रसाद वाटला, लोक चपला शोधत निघाले, सतरंज्या गुंडाळून झाल्या. एक सतरंजी तेवढी तशीच राहिली, कारण तीवर शालूबाई बसल्या होत्या. त्यांचं कीर्तन अजून चालू होतं. सगळे गेल्यावर विलाप त्यांच्यापर्यंत आला, तेव्हा त्या एकट्या रडल्या. मग रिकाम्या व्यासपीठाला हात जोडून उठल्या.

घरी आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. उद्यापास्नं मी येत न्हाय." उदयसिंहांनी पाटीवर लिहिलं की दोन दिवसांत दुरुस्त करतो. त्यांनी वाचलं आणि पाटी परत दिली. "शेवटच्या दिवशी, काल्याच्या कीर्तनाला येते. तवा जमलं तर जमलं. न्हाय जमलं तर ह्या जल्मात मला कीर्तनाचं नाव काढू नका."

म्हणजे हातात सहा दिवस उरले. आणि कोल्हापुरात माणसाची अडचण दहा मिनिटांपेक्षा जास्त काळ त्याची एकट्याची राहत नाही.

कमिटीचे अध्यक्ष हंबीरराव सकाळीच आले. त्यांच्या मते लाईन बारकी होती. घरच्या उसाला पाणी पाजतात त्या अधिकारानं ते म्हणाले की पाईप मोठा टाकल्याशिवाय पाणी टोकाला जाणार नाही. शेजारचे भरमाप्पा, भुसारीचे व्यापारी, यांचा पाईपवर विश्वास नव्हता. त्यांचं म्हणणं, वायर मांडवाच्या दिव्यांच्या वायरीला घासून जाते म्हणून अक्षरं बिचकतात. उदयसिंहांनी दोघांचंही ऐकलं. एकाचं ऐकून दुसऱ्याला दुखवण्याची पेठेत सोय नसते. मोठी लाईन घेतली, वायर वेगळी ओढली. लाईनवाल्यानं मोबाईलवर वेग मोजून दाखवला, काटा पार कोपऱ्यात गेला. तो विजयी मुद्रेनं म्हणाला, "आमच्याकडून क्लिअर हाय." संध्याकाळी पडदा पुन्हा सतरा मिनिटं मागं.

तिसऱ्या दिवशी जाडजूड नवा राऊटर आला. त्याला सहा कान होते, तरी त्यालाही शालूबाईंइतकंच ऐकू आलं. चौथ्या दिवशी टीव्ही बदलला. मंडपवाल्यानं कुणालाही न विचारता वायरीला लिंबू-मिरची बांधली, आणि ती सोडायला सांगण्याचं धाडस एकाही सुशिक्षित माणसाला झालं नाही. पडदा मात्र नव्या टीव्हीवर जुन्याच निष्ठेनं मागं राहिला. सतरा म्हणजे सतरा. इतका वक्तशीर उशीर पेठेनं पाहिला नव्हता.

मग सगळ्यांचे डोळे ज्ञानूकडं वळले. हंबीररावांनी त्याला बाजूला घेऊन सुचवलं की जरा दमानं मार की बाबा, पडद्याला झेपंल असं. ज्ञानूनं लॅपटॉप मिटला. "चाळीस वर्सांत मी जज्जसाहेबाला थांबा म्हणालो न्हाय," तो म्हणाला, "आनि आता टीव्हीसाठी थांबू?" त्याची समजूत काढायला उदयसिंहांना दोन वेळा मिसळ खाऊ घालावी लागली. स्वतःला पित्त असताना.

या सगळ्यात ज्याला विचारायचं त्या ऋतुराजला कुणी विचारलं नव्हतं असं नाही. उदयसिंह रोज फोन करत होते. फोन वाजत होता, उचलला जात नव्हता. बहिणीला विचारलं तर ती म्हणाली, त्याला कामं असतात. तिच्या आवाजात भावासाठी ठेवलेला गोडवा नव्हता.

सहाव्या दिवशी सकाळी भरमाप्पांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी संयोगिता आली. ही तंत्रनिकेतनात संगणकाचं जाळं शिकवायची. पाच दिवस तिला कुणी विचारलं नव्हतं, कारण ती भाडेकरू होती आणि शिवाय तिला खरंच कळत होतं. तिनं स्वतःचा लॅपटॉप वायरीला जोडला, ज्ञानूला एक ओळ मारायला लावली आणि पडद्यावर उतरत गेलेले आकडे बघत बसली.

"काका, लाईनला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "प्रत्येक अक्षर सेकंदाचा पाचवा भाग थांबतंय. कधी कमी नाही, कधी जास्त नाही. लाईन खराब असती तर आकडा वरखाली झाला असता. इतकं नेमकं फक्त नियम पाळणारं कुणीतरी थांबतं."

उदयसिंहांना नियम पाळणाऱ्याबद्दल आदर वाटला. त्यांनी विचारलं, कोण तो.

"दोघं आहेत. ज्ञानूकाकांच्या मशीनकडनं एक अक्षर दोन पाकिटांतनं जातंय. आधी नंबरचं पाकीट, मग अक्षराचं. या मशीनचा नियम असा, की बारकं पाकीट एक पाठवलं की त्याची पोच आल्याशिवाय दुसरं बारकं पाकीट सोडायचं नाही. उगीच रस्त्यावर गर्दी नको म्हणून. अक्षरं घेऊन पडद्यावर दाखवणाऱ्या, टीव्हीमागच्या डबीचा नियम असा, की एका पाकिटासाठी पोच घेऊन लगेच पळायचं नाही. जरा थांबायचं. उलट काही पाठवायचं असेल तर त्याच्याबरोबर पोच लावून द्यायची. खेप वाचते."

"बरोबर आहे," उदयसिंह म्हणाले. नकळत त्यांची छाती थोडी पुढं आली.

"पण डबी उत्तर कशाला देणार? तिला नुसता नंबर मिळालाय, अक्षर मिळालंच नाही. अक्षर इकडं पोचची वाट बघत बसलंय. पोच तिकडं उत्तराची वाट बघत बसलीय. शेवटी डबी कंटाळते आणि नुसती पोच पाठवते. मग अक्षर सुटतं, नोंद परत येते. पुढच्या अक्षराला पुन्हा तेच. तुम्ही लाईन कितीही मोठी घ्या, रिकाम्या रस्त्यावर दोघं एकमेकांसाठी थांबलेत."

भरमाप्पांनी विचारलं, मग चूक कुणाची म्हणायची?

"तशी कुणाचीच नाही. दोघंही आपापल्या परीनं शहाणी. फक्त नंबर वेगळा पाठवायची कल्पना कुणाची, कळत नाही. अक्षर आणि नंबर एका पाकिटात घातले असते तर काही झालंच नसतं."

उदयसिंहांनी खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. वाचकहो, माणसाला त्याच्या चुका दाखवणारे पुष्कळ भेटतात, पण त्याची तत्त्वं एका डबीत भरून, वायरीला जोडून, पाचशे माणसांपुढं चालवून दाखवण्याची वेळ देव फार थोड्यांवर आणतो. एकतीस वर्षांत त्यांनी किती कागद असे रिकाम्या रस्त्यावर उभे केले असतील, किती माणसं कुठल्या कुठल्या खिडकीशी आपल्या विलापाची वाट बघत बसली असतील, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. तो फार वेळ थांबला नाही. पण आला, हे नोंदवलं पाहिजे.

"दुरुस्ती दोन ओळींची आहे," संयोगिता म्हणाली. "पण प्रोग्रॅम ज्यानं लिहिला त्यालाच करू दे. त्याला फोन लावा."

"तो उचलत नाही."

"का?"

उदयसिंहांनी आठवून पाहिलं आणि प्रोग्रॅम मिळाल्याचं अजून कळवलेलं नाही, हे हळू आवाजात सांगितलं. किती दिवस झाले, तेही सांगितलं. अठरा. आभार एकदमच पाठवायचे होते, म्हणाले. शाल-श्रीफळाबरोबर.

भरमाप्पा बोलले. "निकम, तुमचा भाचा ज्ञानूच्या मशीनसारखाच हाय की वो. पोच मिळाल्याशिवाय हलत न्हाय."

उदयसिंह मोबाईल घेऊन कोपऱ्यात गेले. पहिला मसुदा 'उपरोक्त विषयान्वये' असा सुरू झाला. तो पुसला. दुसऱ्यात सप्ताहाची अडचण, वायर, राऊटर, मामीची तब्येत आणि आभार, असं सगळं एकत्र आलं. तोही पुसला. एकच चिठ्ठी, एकटी, बरोबर काहीही न लावता पाठवायची म्हणजे काय, हे त्यांना त्या वयात शिकावं लागलं. शेवटी लिहिलं, 'प्रोग्रॅम मिळाला. फार चांगलं काम केलंस. उशिरा सांगतोय, चुकलो.' बोट दोनदा मागं आलं आणि तिसऱ्यांदा पडलं.

मोबाईल खिशात घालायच्या आत वाजला. "मामा," ऋतुराज म्हणाला, "मला वाटलं तुम्हाला आवडलंच नाही." मग संयोगितानं फोन घेतला. दोघं चार मिनिटं काहीतरी बोलले. त्यात 'नंबर कुणी मागितला' हे वाक्य एकदा येऊन गेलं आणि पलीकडून जे उत्तर आलं त्यावर संयोगिता हसून उदयसिंहांकडं बघत राहिली. त्यांनी पुन्हा खिडकी गाठली. पाचव्या मिनिटाला ज्ञानूनं एक ओळ मारली आणि बोट उचलायच्या आधी ती पडद्यावर होती. राऊटर, लाईन आणि टीव्ही यांच्याकडं कुणी पाहिलं नाही. लिंबू-मिरचीला मात्र हंबीररावांनी जाता जाता नमस्कार केला.

काल्याचं कीर्तन गारगोटीच्या बुवांचं. सकाळी दहाला मंडप भरला. शालूबाई आल्या, पण पुढं बसल्या नाहीत. टीव्ही दिसेल अशा बेतानं खांबापाशी बसल्या, हसू आलंच तर पदर तोंडाशी हवा म्हणून तो आधीच हातात धरून. उदयसिंह दुसऱ्या खांबाशी उभे राहिले. त्यांना बसवेना.

बुवा बोलत होते आणि अक्षरं बुवांच्या ओठांबरोबर उमटत होती. तास झाला तरी पडदा एका शब्दानंही मागं पडला नाही. शालूबाईंची मान सगळ्यांबरोबर डोलायला लागली, पण पदर हातातच होता.

मग बुवा त्यांच्या म्हशीच्या गोष्टीवर आले. एकाची म्हैस हरवली. त्यानं जोतिबाला नवस बोलला, की सापडली तर तिच्या वजनाचा गुलाल उधळीन. म्हैस दुसऱ्याच दिवशी सापडली आणि गडी घाबरला. गुलाल कमी लागावा म्हणून त्यानं तिला महिनाभर निम्म्या वैरणीवर ठेवलं. म्हैस निम्मी झाली, नवस निम्म्यात फिटला. गडी खुशीत घरी आला आणि बायकोला म्हणाला, चहा टाक.

इथं बुवा नेहमी थांबतात. उपरण्यानं कपाळ पुसतात, पाण्याचा पेला मागतात, श्रोत्यांना ताणून धरतात. ज्ञानूनं ही गोष्ट अकरा सप्ताहांत ऐकली होती. पहिले पाच दिवस त्याची अक्षरं रांगेत अडकत होती, आता ती मोकळी सुटत होती. बुवांनी पेला तोंडाला लावला आणि पडद्यावर आलं, 'बायको म्हणाली, काळाच प्या. नवस म्हशीचा केलासा, दुधाचा न्हवं.'

शालूबाई खळखळून हसल्या. पहिल्या दिवशीसारख्याच एकट्या. त्याच दोन बायकांनी मागं वळून पाहिलं. मग त्यांनी पडदा पाहिला. मग त्या हसल्या, मग त्यांची रांग, मग सगळा मंडप, आणि बुवा तोंडात पाणी घेऊन गाल फुगवून तसेच उभे.

बुवांनी पाणी गिळलं. मोठा माणूस. रागावले नाहीत. "माऊली," ते शालूबाईंकडं बघून म्हणाले, "माझी गोष्ट माझ्या आधी तुमच्याकडं पोचली. आता पुढं काय झालं, ते तुम्हीच सांगा."

शब्द पडद्यावर आले. शालूबाईंनी वाचले. पाचशे तोंडं आपल्याकडं वळली आहेत हे त्यांनी पाहिलं. उदयसिंहांनी ओळखलं. आता ही उठून जाणार, आणि या जन्मात परत येणार नाही.

त्या उठल्या. पदर हातातून सुटून खांद्यावर गेला. ऐकू न येणाऱ्या माणसाचा आवाज मोठा असतो, त्यांना माईकची गरज पडली नाही. "पुढं काय हुनार? गड्यानं इचारलं, आगं, म्हस वाळत हुती, दूध आटत हुतं, मग तू म्हैनाभर बोलली का न्हाईस?" त्या थोडं थांबल्या. कुठं थांबायचं ते त्या चाळीस वर्षं कीर्तनातूनच शिकल्या होत्या. "ती म्हणाली, रोज बोलत हुते. तुमची पोच आज आली."

मंडप कोसळायचा बाकी राहिला. टाळकऱ्यांनी टाळ वाजवले, ज्याची काही गरज नव्हती. आधी बायका वळल्या आणि मग सगळी पेठ दुसऱ्या खांबाकडं वळली. उदयसिंहांचे कान तापले. उत्तर तोंडाशी आलं, आणि जुन्या सवयीनं त्यांना वाटलं, राहू दे आता, घरी गेल्यावर चहाच्या वेळी बाकीच्या गोष्टींबरोबर बोलू. तेवढ्यात बुवांनी माईक पुढं पाठवून दिला. तो हातोहात त्यांच्यापर्यंत आला.

"व्हय," उदयसिंह म्हणाले.

रस्त्यापलीकडच्या खोलीत ज्ञानूनं तो शब्द, कोर्टात साक्ष नोंदवावी तसा, नावासकट नोंदवला. बाकीच्यांनी ऐकला. शालूबाईंनी तो त्याच क्षणी पडद्यावर वाचला, आणि पहिल्या रांगेतल्या बाईनं सरकून करून दिलेल्या जागेत जाऊन बसल्या.